थकले की दमले?

गेल्या अंकात पत्रांना उत्तरं द्यायला उशीर झाला, म्हणून सदराच्या शेवटी मी एक ओळ टाकली होती : ‘प्रवासाने फार थकले, त्यामुळे पत्रं तशीच राहिली.’ या ओळीवर अकरा पत्रं आली. ज्या विषयावर तीन पानं लिहिली होती त्यावर एकही नाही. एकतीस वर्षं मुद्रितशोधन केलं, दुसऱ्यांच्या ओळीत बोट घातलं, त्याची फेड चालू आहे असं समजते. यावेळचं सदर या अकरा पत्रांचं आणि त्यांच्या आगेमागे आलेल्या काहींचं.

प्रश्न : आपण ‘प्रवासाने थकले’ असं लिहिलंत. माझी आजी म्हणते, प्रवासाने माणूस दमतो नाहीतर शिणतो. थकतो तो वयाने. बरोबर कोण?

उत्तर : आजी. हल्ली तिन्ही क्रियापदं एकाच अर्थाने सर्रास वापरली जातात आणि मीही तेच केलं. पण आजींच्या कानात जो फरक आहे तो खरा आहे.

दमणं तात्पुरतं आणि समोर दिसणारं. जिना चढून आलेला माणूस दमतो. छाती वरखाली होते, कपाळावर घाम असतो, पाच मिनिटं टेकला की उठून कामाला लागतो. मूल खेळून आलं की आपण ‘दमलास का रे?’ विचारतो. ‘थकलास का?’ विचारलं तर ते प्रेमळ वाटण्याऐवजी तपासणीसारखं वाटतं. शीण त्याहून खोल आणि सावकाश साचणारा. रात्रभर गाडीत अवघडून बसलात, दिवसभर बारीक अक्षर वाचलंत, चार दिवस आजाऱ्याच्या उशाशी काढलेत, की शीण येतो. त्यात धाप नसते, घाम नसतो. डोळे शिणतात, अंग शिणतं, बोलून बोलून जीभसुद्धा शिणते. तो पाच मिनिटांत जात नाही, पण एका चांगल्या झोपेत जातो. ‘शीण गेला’, ‘शीण उतरला’ असं आपण म्हणतो, म्हणजे ओझ्यासारखा तो वर चढलेला असतो आणि उतरवता येतो.

थकण्याचं मात्र असं नाही. त्याबद्दल पुढच्याच पत्रात आलंय, आणि ते पत्र वाचल्यावर मी दुसऱ्या पत्राला त्या दिवशी हात लावला नाही.

प्रश्न : माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, जन्मापासून परदेशात. मराठी कळतं, वाचता येत नाही. परवा माझ्या आईचा फोनवर निरोप आला : ‘बाबा आता थकलेत गं. जमलं तर या सुट्टीत.’ मुलीने तो फोनमधल्या भाषांतराच्या सोयीने वाचला आणि आजीला स्वतःच उत्तर पाठवलं, ‘आजोबांना लवकर झोपायला सांग, सकाळी बरं वाटेल.’ आम्ही दोघं खूप हसलो. मग मला रडू आलं. या वाक्याचं इंग्रजी मी तिला काय करून सांगायला हवं होतं?

उत्तर : यंत्राने ‘टायर्ड’ असं दिलं असणार. कोशात पाहिलं तर ते चूक म्हणता येणार नाही. चूक झाली ती ‘आता’मुळे.

दोन वाक्यं शेजारी ठेवा. ‘बाबा आज थकलेत.’ ‘बाबा आता थकलेत.’ पहिल्यात बाबांनी दिवसभर माळा आवरला असेल. दुसऱ्यात त्यांनी काहीच केलेलं नाही. गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत ते फक्त जगलेत, आणि तेवढ्याने थकलेत. ‘आज’ला उद्या असतो. ‘आता’ला फक्त आधी असतं : आधी चालायचे, आधी ऐकू यायचं, आधी पिशवी स्वतः उचलायचे. मराठीत म्हाताऱ्या माणसाला तोंडावर ‘म्हातारे झालात’ म्हणणं बरं दिसत नाही, त्याच्या पाठीमागेही घरचं माणूस तसं म्हणत नाही. मग ‘थकले’ म्हणायचं. म्हणजे दोष वयाचा नाही, कष्टांचा. माणूस झिजला तो काही करून झिजला, असा मान त्या शब्दात आपोआप येतो.

इंग्रजीत एवढं सगळं एका शब्दात बसवायला जाऊ नका. ‘ओल्ड’ म्हटलं तर उघडं पडतं, ‘वीक’ म्हटलं तर आजार वाटतो, ‘फ्रेल’ हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा, पण अकरा वर्षांच्या मुलीला तो डॉक्टरांच्या तोंडचा वाटेल. मी असते तर आधी मराठीतल्या मराठीत भाषांतर केलं असतं : ‘आजोबांना आता पूर्वीसारखं होत नाही.’ याचं इंग्रजी सरळ होतं : ‘आजोबा इज नॉट अ‍ॅज स्ट्राँग अ‍ॅज ही यूज्ड टु बी.’ पण खरं सांगायचं तर तुमच्या आईंचा निरोप पहिल्या वाक्यात नाहीच. तो ‘जमलं तर या’मध्ये आहे. पहिलं वाक्य नुसतं कारण आहे, आणि तेही अर्धंच सांगितलंय. भाषांतर करताना दुसऱ्या वाक्यातला ‘जमलं तर’ गाळा. तो भिडेने आलाय.

माझे वडील शेवटच्या चार-पाच वर्षांत ‘थकलो’ हा शब्द स्वतःबद्दल चुकूनही उच्चारत नसत. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कठड्याला एक लोखंडी पट्टी होती, तिच्यावर हात ठेवून ते थांबायचे. मी मागे पिशव्या घेऊन. विचारलं की म्हणायचे, ‘दमलो नाही, दम खातोय.’ पुढे ‘दमलो जरा’पर्यंत आले. त्या पट्टीचा रंग तेवढ्याच जागी उडाला होता. ‘थकलो’ हा शब्द त्यांच्याबद्दल आम्हीच वापरायला लागलो, आणि तोही ते खोलीत नसताना.

प्रश्न : आपल्या वडिलांसारखं मीही ‘दम खातो’ म्हणतो. दम लागतो, दम खातो, दम देतो, दम काढतो आणि दमतो. हा एकच दम आहे का?

उत्तर : (हे पत्र त्याच वाचकाचं नाही. ‘आपल्या वडिलांसारखं’ ही मी घातलेली भर आहे. पत्रात फक्त पुढचा भाग होता. सवय जात नाही.)

दोन आहेत. एक फारसीतून आलेला दम, म्हणजे श्वास. दम लागणं, दम घुटणं, एका दमात पाणी पिणं आणि दमा हा रोग हे सगळे त्याच्याकडचे. दम खाणं आणि दम धरणं म्हणजे श्वास जागेवर येईपर्यंत थांबणं, म्हणून धीर धरणं. दुसरा संस्कृतातला दम्, म्हणजे ताब्यात आणणं. दमन त्यातलं, शमदमातला दमही तोच. दमणं हे क्रियापद कोशकार या दुसऱ्याशी जोडतात : अवखळ जनावराला पळवून पळवून दमवायचं, की ते ताब्यात येतं. दमलेला म्हणजे मुळात नमवलेला. पण मराठी माणसाच्या तोंडात हे दोन्ही दम इतके एकमेकांत गेलेत की दमलेला माणूस आपल्याला श्वासाचाच आठवतो. दम देणारा मात्र कुठल्या दमातला, हे ज्याने दम खाल्ला त्याला विचारा.

प्रश्न : मी बँकेत वसुली विभागात काम करतो. दिवसभर ‘थकीत’, ‘थकबाकी’, ‘थकबाकीदार’ लिहितो. कर्जदार थकतो हे मी रोज पाहतो, पण हप्ता कसा थकतो?

उत्तर : छान विचारलंत. हप्ता दमत नाही, शिणत नाही, फक्त थकतो. पगार थकतो, भाडं थकतं, पाणीपट्टी थकते. याचं कारण थकणं या शब्दाच्या बालपणात आहे.

प्राकृतात थक्क असं क्रियापद होतं आणि त्याचा अर्थ थांबणं, उभं राहणं असा होता. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात संस्कृत ‘स्था’ धातूऐवजी येणारी जी रूपं सांगितली आहेत त्यांत थक्क आहे. बंगालीत आजही ‘थाका’ म्हणजे राहणं. बंगाली माणूस ‘आमि एखाने थाकि’ म्हणाला तर तो दमलेला नाही, तो तिथे राहतो एवढंच. आपल्याकडे, हिंदीत आणि गुजरातीत थांबण्यावरून थकण्यावर अर्थ सरकला, कारण चालणारा माणूस थांबतो तो बहुधा पाय चालेनासे झाले म्हणून. मूळचा अर्थ मराठीत दोन ठिकाणी अडकून राहिला. एक तुमच्या खात्यात : हप्ता थकला म्हणजे यायचा तो वाटेत थांबला. नव्वद दिवसांपेक्षा जास्त थांबला की तुम्ही कर्जाला अनुत्पादित म्हणता. आणि दुसरा ‘थक्क होणं’ यात. थक्क झालेला माणूस दमलेला नसतो, जागच्या जागी उभा राहिलेला असतो.

सरकार कारखान्याच्या कर्जाला ‘थकहमी’ देतं तो शब्दही याच घराण्यातला. कर्ज थकलं तर आम्ही आहोत, ही हमी. या शब्दाचं इंग्रजी ‘टायर्ड गॅरंटी’ असं कुणी केलेलं मी अजून पाहिलेलं नाही, पण वेळ गेलेली नाही.

प्रश्न : नातवाला ‘चांदोबा चांदोबा भागलास का, निंबोणीच्या झाडामागे लपलास का’ म्हणून दाखवत होते. तो म्हणाला, ‘आजी, चांदोबा पळून का गेला?’ तो हिंदी कार्टून फार बघतो. मी ‘भागलास म्हणजे दमलास’ असं सांगितलं. ते बरोबर आहे ना? की मीच आजवर चुकीचं समजत होते?

उत्तर : तुमचं अगदी बरोबर आहे. आणि गंमत म्हणजे नातवाचंही फारसं चुकलेलं नाही.

भागणं म्हणजे थकणं, हा अर्थ मराठीत जुना आणि पक्का आहे. तुकोबांच्या ‘आता कोठे धावे मन’ या अभंगात ‘भाग गेला शीण गेला’ येतं, तिथला भाग म्हणजे हिस्सा नव्हे, थकवा. हा अर्थ आज एकट्याने बाहेर पडत नाही. ‘मी फार भागले’ असं कुणी ऑफिसात म्हणालं तर सगळे मान वर करून बघतील. पण जोडीने तो रोज भेटतो : थकलाभागला, दमूनभागून, शीणभाग. जोडशब्दांचा हा मोठा उपयोग. एकट्याला चालवेनासं झालेल्या शब्दाला दुसरा शब्द हात धरून नेतो.

आता नातवाकडे. हा ‘भाग’ संस्कृत भग्न म्हणजे मोडलेला, याच्याशी जोडतात. प्राकृतात तो भग्ग झाला. मराठीत जो मोडला तो भागला, म्हणजे थकला. हिंदीत जो मोडला, म्हणजे लढाईत ज्याची फळी मोडली, तो भागला, म्हणजे पळाला. शब्द तोच, रणांगणही तेच. आपला माणूस तिथेच बसला, त्यांचा निघून गेला. तुमचा चांदोबा झाडामागे लपलेला आहे हे पाहता दोन्ही अर्थ चालून जातात. नातवाला म्हणावं, दमून पळाला.

‘एवढ्यात भागेल’, ‘तहान भागली’ आणि ‘आठाला चारने भाग जातो’ यांच्याबद्दलही तुम्ही पत्रात पुढे विचारलंच आहे. गणितातला भाग हा सरळ वाटणीचा, त्याचा थकण्याशी संबंध नाही. निदान गणित आवडणाऱ्यांच्या बाबतीत तरी नाही.

प्रश्न : मी मराठी मालिकांची इंग्रजी उपशीर्षकं करते. परवा एका भागात ‘कंटाळा’ हा शब्द नऊ वेळा आला. नऊही ठिकाणी ‘बोअर्ड’ केलं तर अर्थ जातो, नऊ वेगळे शब्द वापरले तर वरून शेरा येतो की एकसारखेपणा ठेवा. काय करू?

उत्तर : नऊ वेगळे नकोत, पण चार तरी लागतीलच, आणि त्याचं कारण वर दाखवता येईल असं आहे. कंटाळा या नामाकडे बघू नका. त्याच्या मागे कुठलं क्रियापद उभं आहे ते बघा.

कंटाळा *येतो* : हा हवेसारखा आहे, येतो आणि जातो. ‘आज स्वयंपाकाचा कंटाळा आलाय.’ इथे कुणी बोअर झालेलं नाही. करायची इच्छा नाही एवढंच. इंग्रजीत ‘आय डोन्ट फील लाइक कुकिंग’. आणि संध्याकाळी घरी येऊन चप्पल काढता काढता नुसतंच ‘कंटाळा आला बाई’ म्हटलं, तर ते सरळ ‘आय अ‍ॅम टायर्ड’.

कंटाळा *असतो* : हा स्वभाव. ‘तिला पत्र लिहायचा कंटाळा आहे.’ आज आहे, उद्या आहे, लग्नाआधीपासून आहे. इथे ‘शी हेट्स रायटिंग लेटर्स’ चालेल, ‘बोअर्ड’ मुळीच नाही.

कंटाळा *करतो* : हा गुन्हा. ‘औषध घ्यायचा कंटाळा करू नका.’ येणारा कंटाळा आपल्या हातात नसतो, करायचा कंटाळा आपणच करतो, म्हणून त्याबद्दल आई रागावू शकते. इथे ‘डोन्ट बी लेझी’ किंवा ‘डोन्ट स्किप’.

आणि शेवटचं, क्रियापद स्वतःच : कंटाळणं. इथे विभक्तीवर बारीक नजर ठेवा. ‘अभ्यासाचा कंटाळा आला’ म्हणणारा मुलगा तासाभराने परत बसेल. ‘अभ्यासाला कंटाळला’ असं ज्याच्याबद्दल म्हणतात, त्याने पुस्तक मिटलेलं असतं. ‘चा’ आहे तोवर काळजी नाही, ‘ला’ आला की प्रकरण गंभीर. बातमीत ‘आजारपणाला कंटाळून’ येतं त्यापुढे काय येतं हे सगळ्यांना माहीत आहे. आणि त्याचं मी स्वतः ‘बोअर्ड विथ इलनेस’ असं छापील भाषांतर वाचलेलं आहे. गेलेल्या माणसाचा एवढा अपमान कुणी जाणूनबुजून केला नसता. तिथे ‘वर्न डाउन बाय’ हवं, म्हणजे आजाराने पार झिजवलेला.

हिंदीत हे सगळं एका शब्दात मांडणारा शब्द मला आजवर मिळालेला नाही. ऊब आहे, बोरियत आहे, मन नहीं करता आहे, तीन खिशांत तीन नाणी. गुजरातीत मात्र ‘कंटाळो’ आहे, अगदी आपलाच. गुजराती उपशीर्षकं करणाऱ्यांचा हेवा करावा अशी ही एकच जागा असेल.

मराठीतच आता ‘बोअर’ आहे, त्याचं काय, असंही तुम्ही विचारलंय. बोअर हा शब्द मला आवडतो, त्याला हाकलायची गरज नाही. तो कंटाळ्याच्या जागेवर बसलेला नाही. ‘पुस्तक बोअर आहे’ म्हटलं की दोष पुस्तकाचा. ‘वाचायचा कंटाळा आला’ म्हटलं की दोष आपला. पोरांनी तो शब्द का उचलला ते यावरून लक्षात यावं.

वीट हा शब्द नव्या कारकुनाकडून एकदा असा आला होता : ‘मला या नोकरीची वीट आली आहे.’ वीट *आली* म्हणजे भिंतीची. कंटाळ्याचा तो वीट पुल्लिंगी, तो *येतो*, नोकरी*चा* येतो. मी समासात दुरुस्ती केली. त्याने ती पाहिली आणि पुढच्या महिन्यात नोकरी सोडली. दोन्हींचा संबंध असेल असं मला वाटत नाही.

प्रश्न : ‘ग्लानी’ म्हणजे थकवा की बेशुद्धी? गीतेत धर्माला ग्लानी येते ती कोणती?

उत्तर : संस्कृतात ग्लै म्हणजे थकणं, मलूल होणं. गीतेतल्या धर्माचं तेच होतं, तो क्षीण होतो. मराठीत ग्लानी उतरली ती तापाच्या अंथरुणावर. अर्धवट झोप, अर्धवट शुद्ध, हाक मारली तर हूं म्हणायचं आणि परत डोळे मिटायचे.

हिंदीत मात्र ती मनात गेली. तिथे ग्लानि म्हणजे स्वतःच्याच वागण्याची खंत, शरम. हे मला कसं माहीत, तर चांगलंच पोळून. उमेदवारीच्या काळात एका हिंदी कथेचं भाषांतर केलं होतं. नायक भावाशी खोटं बोलतो, घरी येतो, आणि त्याला ग्लानि होते. मी लिहिलं, ‘त्याला ग्लानी आली.’ पुढच्याच परिच्छेदात तो भावाला पत्र लिहायला बसतो. छापून आल्यावर एका वाचकाने विचारलं, ताप केव्हा उतरला? तेव्हापासून हिंदीतला जो शब्द मराठीसारखा दिसतो त्याच्यावर मी पेन्सिलीने आधी फुली मारते, मग कोश उघडते.

प्रश्न : ‘विश्रांती’त ‘श्रांती’ आहे. मग विश्रांती म्हणजे विशेष थकवा का नाही?

उत्तर : विज्ञानात ‘वि’ विशेष असतो, वियोगात तो वेगळं करणारा असतो. इथे दुसरा. श्रांतीपासून सुटका ती विश्रांती. आश्रमातही हाच श्रम आहे, हे तिथे आराम करायला जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. आणि या घराण्यातला माझा सगळ्यात आवडता शब्द म्हणजे श्रमपरिहार. कार्यक्रम पार पडल्यावर कार्यकर्त्यांनी खाऊनपिऊन मोकळं होण्याला इतकं सोवळं नाव दुसऱ्या कुठल्या भाषेने दिलेलं मी ऐकलेलं नाही. भाषांतर करायला जाऊ नका. करताना हसू येतं आणि वाचणाऱ्याला कळत नाही का ते.

प्रश्न : मी सत्तावीस वर्षांची आहे. डॉक्टरांनी मला बर्नआउट आहे असं सांगितलं. आईला सांगायचं तर मराठी शब्द सापडेना. ‘थकवा आहे’ म्हटलं तर ती म्हणाली, सुट्टी घे. सुट्टी घेतली होती.

उत्तर : तुमच्या आईला दोष देऊ नका. थकवा या शब्दाने तिला तेच कळणार. गारवा, ओलावा, दुरावा तसा थकवा. अंगात भरलेली एक अवस्था. तपासणीत डॉक्टर विचारतात, थकवा जाणवतो का? त्यावर उपाय म्हणजे झोप, गोळी, सुट्टी. तुमचं दुखणं तेवढंच नाही.

बर्नआउट हा शब्द अमेरिकेतले मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली या अर्थाने शास्त्रीय लिखाणात आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याचं वर्णन दिलं, पण आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून. त्या वर्णनात तीन गोष्टी आहेत : शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. म्हणजे मराठीत मोजायचं तर पहिला थकवा, दुसरा वीट, आणि तिसऱ्याला आपण म्हणतो ‘हात चालत नाही’. एक शब्द सापडत नाही याचं कारण तिथे तीन दुखणी एकत्र आहेत.

इंग्रजीत माणूस जळून संपतो. मराठीत कामाने माणूस जळत नाही. तो झिजतो, पिचतो, आंबतो, नाहीतर पिळून निघतो. यातला झिजणं हा शब्द आईला सांगू नका. त्यात चंदन येतं, आणि चंदन आलं की कौतुक येतं. ती म्हणेल, मीही झिजलेच की. आंबणं अंगाचं असतं, दोन दिवसांचं. मी पिचणं सुचवेन. पिचलेली बांगडी बाहेरून अख्खी दिसते, हातात फिरतेसुद्धा, पण तिला वाजवून बघितलं की आवाज बद्द येतो. ‘आई, मी कामाने पिचलेय’ असं एकदा म्हणून बघा. ती पुढचा प्रश्न सुट्टीचा विचारणार नाही असं मला वाटतं. काय विचारलं ते जरूर कळवा. छापणार नाही.

प्रश्न : ‘शीण’ की ‘शिण’? दोन्ही छापलेलं दिसतं.

उत्तर : एकटा असेल तर शीण, दीर्घ. विभक्ती लागली की ऱ्हस्व : शिणाने, शिणाचा. गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला तसंच; साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांत हे आहे. तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या, शब्दांना हा नियम लागू नाही, पण शीण तत्सम नव्हे. शिणणं, शिणला, शिणवटा हेही ऱ्हस्वच.

तेव्हा गेल्या अंकातली माझी ओळ दुरुस्तीसह अशी वाचावी : ‘प्रवासाच्या शिणाने पत्रं तशीच राहिली.’ पहिल्या पत्रातल्या आजींना कळवावं.